कोर्दोबातली तळमजल्यावरची खोली

लग्नाला तेहतीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत आमचा प्रत्येक प्रवास माझ्या नवऱ्याने आखला. तो इंजिनिअर आहे. त्याला कॉम्प्युटरवर तक्ते करायला आवडतात आणि मी हॉस्पिटलातून शिफ्ट संपवून आले की मला आणखी काही ठरवायचं त्राण उरत नाही. मी फक्त बॅगा भरायचे. म्हणून मार्चमधल्या एका रविवारी जेवताना मी म्हणाले, "स्पेनचं सगळं मी बघते," तेव्हा त्याने भाताचा चमचा तसाच हातात धरला.

"तू?" तो म्हणाला. वाईट हेतूने नव्हे. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

स्पेनची इच्छा माझ्या सासूबाईंची. त्या शहात्तर वर्षांच्या. सासरे गेल्यावर वसईचं घर बंद करून त्या आमच्याकडे ऑस्ट्रेलियात, वेंटवर्थव्हिलला आल्या. सारागोसाच्या माऊलीचं एक चित्र वर्षानुवर्षं त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. तिथल्या चर्चमध्ये एकदा जाऊन मिस्सा ऐकायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. एवढ्या लांब जायचंच तर एक आठवडा ट्रेनने आणखी काही गावं बघू, असं आमचं ठरलं. टूरबरोबर जाणं शक्य नव्हतं, कारण त्यांचे गुडघे कुठल्याही गाइडच्या छत्रीमागे धावणारे नाहीत.

मी पुढाकार घेतला त्याला एक कारण होतं, पण ते घरात कोणी मनावर घेतलं नव्हतं. मी वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स आहे. आमच्या वॉर्डाची साफसफाई बघणारी एक बाई चिलीहून आलेली, माझ्याच वयाची. आम्हा दोघींची चहाची वेळ एकच. दोन वर्षांपूर्वी ती कॉरिडॉर पुसत असताना मी ओल्या लादीवर पाय टाकला आणि ती ओरडली, "मोहादो!" मोहादो म्हणजे ओलं. हा माझा पहिला स्पॅनिश शब्द. त्यानंतर ती मला रोज तीन-चार शब्द द्यायची आणि दुसऱ्या दिवशी विचारायची. मी घरी भांडी लावताना ते पुटपुटायचे. मुलगी युनिमधून आली की म्हणायची, "Mum, there's an app for that."

माझ्या पहिल्या यादीत सात दिवसांत सात शहरं होती. बार्सिलोना, सारागोसा, माद्रिद, तोलेदो, कोर्दोबा, सेव्हिल, ग्रानादा. नवऱ्याने यादी पाहून मान डोलावली आणि मला बरं वाटलं. पण मग मला वाटलं, हे एकदा इथेच करून बघावं. एका शनिवारी मी दोन सुटकेसमध्ये चादरी कोंबल्या, सासूबाईंना काठी दिली आणि सगळ्यांना वेंटवर्थव्हिल स्टेशनवर नेलं. ट्रेनने पॅरामाटाला उतरायचं आणि तिथून सामान ओढत हॅरिस पार्कपर्यंत चालायचं, असा बेत होता. नेहमी दहा-बारा मिनिटांत होतं ते चालणं. त्या दिवशी आम्हाला पस्तीस मिनिटं लागली. सासूबाई दोनदा बसल्या, एकदा बसस्टॉपवर आणि एकदा कोणाच्या तरी कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर.

हॅरिस पार्कच्या हॉटेलात डोसा खाताना त्या म्हणाल्या, "अगं, देवानेसुद्धा सातव्या दिवशी विश्रांती घेतली. तुझ्या यादीत तो दिवस कुठे आहे?"

घरी येऊन मी यादीतली तीन नावं खोडली. माद्रिदवर काट मारताना नवरा जवळ उभा होता.

"राजधानी सोडायची? स्पेनला जाऊन?"

"सारागोसाहून कोर्दोबाला सरळ गाडी आहे," मी म्हणाले. "माद्रिदला उतरायची गरज नाही. दहाच्या आधीची गाडी घ्यायची नाही आणि एका दिवसात दोन गाड्या घ्यायच्या नाहीत. मी तसंच ठरवलंय."

मी ठरवलंय, हे शब्द माझ्या तोंडून त्यालाच काय, मलाही नवे होते.

कोर्दोबाला मी जुन्या वस्तीतलं एक छोटं गेस्टहाउस निवडलं. वेबसाइटवर फोटो सुंदर होते, पण जिन्याबद्दल एक अक्षर नव्हतं. दोन ईमेल पाठवल्या, उत्तर नाही. मग एका संध्याकाळी जेवणं लवकर आटोपून सात वाजता मी फोन लावला. तिकडे सकाळचे अकरा वाजले होते. नवरा, मुलगी, सासूबाई सगळे टेबलाभोवती बसलेले. मी फोन स्पीकरवर ठेवला. समोर कागदावर माझी वाक्यं लिहिलेली होती.

पलीकडून एक बाई बोलली आणि मला एकही शब्द कळला नाही. ती शब्दांच्या शेवटचे 'स' गिळत होती. माझी चिलीची मैत्रीणही ते गिळते, पण माझ्याशी ती सावकाश बोलते. मुलीने भाषांतराचं ॲप उघडून तिचा मोबाइल माझ्यासमोर सरकवला. मी तो हाताने बाजूला केला.

"मास देस्पासियो, पोर फावोर," मी म्हणाले. जरा सावकाश.

बाई हसली आणि सावकाश बोलू लागली. मी सांगितलं, माझी सासू शहात्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात आणि ती लवकर थकते. खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत?

"ओचो," ती म्हणाली.

आठ. माझा कागद इथे संपला होता. पुढचं मी जुळवत गेले. खाली खोली आहे का? ती बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. तिसऱ्यांदा सांगितल्यावर मला उमगलं. अंगणाला लागून एक खोली आहे, तिथे तिची आई राहायची. लहान आहे, म्हणून वेबसाइटवर दाखवत नाही. बाथरूमला पायरी आहे का, हेही मी विचारलं. एकच आहे, ती म्हणाली, आणि तिथे धरायला दांडा लावलेला आहे. तीच खोली द्या, मी म्हणाले, आणि माझं नाव एकेक अक्षर करून सांगितलं.

फोन ठेवला तेव्हा माझ्या ब्लाउजची पाठ घामाने भिजली होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नवऱ्याने लॅपटॉप ओढला, कोर्दोबाच्या रकान्यात 'तळमजला' असं टाइप केलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आठ पायऱ्या तुला कशा कळल्या?"

"ओचो म्हणजे आठ."

सासूबाई म्हणाल्या, "मला वाटायचं, तू तिथे नुसता चहा पितेस." मग त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात त्या वसईच्याच दोन बायकांना सांगत होत्या, "माझी सून स्पेनला फोन करून त्यांच्या भाषेत बोलली. कागदात न बघता." अर्धं बोलणं कागदात बघून झालं होतं, पण मी दुरुस्ती केली नाही. मी गाडीची किल्ली शोधत असल्यासारखी पर्समध्ये हात घालून उभी राहिले आणि सगळं ऐकलं.

सोमवारी चहाच्या वेळी मैत्रिणीने मला सगळं संभाषण पुन्हा म्हणायला लावलं. एका वाक्याला तिने कप खाली ठेवला आणि डोळे पुसेपर्यंत हसली. सासूबाई लवकर थकतात असं मला सांगायचं होतं. से कान्सा म्हणजे थकते. मी से कासा म्हणाले होते. त्या बाईला मी सांगितलं होतं की माझी सासू लवकर लग्न करते.

"आणि तरी तिने खोली दिली," मैत्रीण म्हणाली. तेवढ्यात तिच्या कामावरची दुसरी बाई आत आली. तिच्याकडे वळून माझ्याकडे बोट दाखवत मैत्रीण स्पॅनिशमध्ये म्हणाली, "ही माझी विद्यार्थिनी." ते मला पहिल्या फटक्यात कळलं.

सत्तावन्नाव्या वर्षी कोणी आपल्याला असं मिरवेल, असं मला वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी सेव्हिलच्या हॉटेलचा नंबर काढला. तिथे लिफ्ट आहे असं वेबसाइटवर ठळक लिहिलं होतं. तरी मी फोन लावला.