साडूशी कोणी भांडेना

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, अख्ख्या रेणापूर तालुक्यात आमच्या धाकट्या साडूशी भांडायला एकही माणूस शिल्लक राहिलेला नाही. बातमी गंभीर आहे. ज्या माणसाने भांडणाला कलेचा दर्जा दिला, त्याच्यावर ही वेळ यावी!

साडू म्हणजे माझ्या मेव्हणीचे यजमान. फौजेत होते. तसे भरती होण्याआधीही ते लढतच होते, फक्त पगार नव्हता. सुट्टीवर आले की पायातले बूट न काढता आधी बांधावर जायचे. शेजारचं शेत त्यांच्या थोरल्या चुलत भावाचं, तात्याचं. तात्याने नांगरताना बांध किती कोरला ते डोळ्यांनी मोजायचे आणि मग जी जुंपायची, ती ऐकायला आजूबाजूच्या शेतांतले गडी भाकरी बांधून आणायचे. संध्याकाळी दोघं तात्याच्याच ओट्यावर चहा प्यायचे. सुट्टी संपली की साडू जीपमधून ओरडायचे, "तात्या, राहिलेलं पुढच्या बारीला!"

मग सीमेवर त्यांच्याजवळ तोफेचा गोळा पडला. डावा पाय मांडीपासून गेला, डावा डोळा गेला, आणि लोखंडाचे बारीक तुकडे अंगात कायमचे वस्तीला राहिले. बरेच महिने दवाखान्यात काढून ते गावी परतले. या प्रकरणावर ते याहून जास्त बोलत नाहीत, तेव्हा मीही बोलत नाही. पण एखाद्या कचेरीच्या दारातलं यंत्र त्यांना पाहून किंचाळतं आणि शिपाई विचारतो, "खिशात काय हाय?" तेव्हा मात्र साडू खुलतात. "खिशात काई न्हाई, आत हाय. सरकारी माल हाय, वापस मागितला की देऊन टाकतो."

त्यांच्याकडे दोन पाय आहेत, म्हणजे खऱ्या पायाखेरीज दोन. एक शेताचा, एक लग्नाचा. एकदा आमच्याकडे नांदेडला साखरपुड्याला घाईत शेताचाच घालून आले. काळ्या मातीचा थर पाहून माझ्या बायकोने तो काढून घेतला, साबणाने खसाखसा घासला आणि गॅलरीत उन्हाला उभा केला. खालच्या मजल्यावरच्या बाई तेव्हापासून वर बघत नाहीत.

खरी आपत्ती वेगळीच होती. परतले त्या दिवशी गावाने त्यांना उघड्या जीपमधून मिरवलं, फेटा बांधला, हार घातले, आणि त्या दिवसापासून अख्खं गाव त्यांच्याशी सहमत झालं. बाजारात "ही कोथिंबीर सडकी हाय" म्हणावं, तर भाजीवाली आणखी दोन जुड्या पिशवीत टाकते. औशाच्या बसमध्ये ते मुद्दाम कंडक्टरच्या सीटवर बसले. कंडक्टर लातूरपर्यंत उभा राहिला आणि साडू उतरताना त्याने सलाम ठोकला. शेवटी एके दिवशी त्यांनी पारावर जाहीर केलं की सूर्य पश्चिमेला उगवतो. माजी सरपंच बराच वेळ विचार करून म्हणाले, "असंल. तिकडं बॉर्डरला असंल."

घरातही तेच. वरण करपलं म्हणून साडूंनी ताट सरकवलं, तर पूर्वी उलटं लाटणं दाखवणारी मेव्हणी निमूट दुसरं वरण टाकायला उठली. त्या रात्री ते उपाशी झोपले.

पण सगळ्यांत मोठा घाव घातला तात्याने. तो त्यांना 'अहो' म्हणू लागला. साडूंनी बांध हातभर त्याच्या शेतात सरकवला. तात्या दोन ओळी मागे सरून पेरू लागला. त्याच्या झाडाच्या कैऱ्या उतरवायला घेतल्या. तात्याने शिडी पाठवली. मग साडूंनी मलाच गाठलं. "सर, तुमी शिकलेले. जरा चिथवा की त्याला."

मी गेलो. तात्या तंबाखू मळत म्हणाला, "त्यानं देशाला पाय दिला, सर. म्या हातभर जमीन देऊ नये व्हय? भांडायला तोंड कसं उघडावं?" 

मी निरोप आणला. साडू बराच वेळ शेताचा पाय मांडीवर घेऊन त्याचा पट्टा ओढत बसले.

"हार घातले न्हाई का, तवाच मला शंका आलती," ते म्हणाले. "फोटोसंगं कोण भांडतं, सर? मी जित्ता हाय म्हणून कोणाला सांगू?"

मीही 'बरोबर आहे' म्हणालो. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी उठून पाणी प्यायलो.

या चैत्रात आम्ही दोघं नवरा-बायको तिकडे गेलो होतो. दोन्ही घरांची विहीर सामाईक, पाणी तळाला गेलेलं, त्या दिवशी पाळी तात्याची. त्याचा ऊस पार सुकत चाललेला, आणि लाइट जायला थोडाच वेळ उरलेला. तेवढ्यात साडूंनी उठून तात्याचा पाइप काढला आणि स्वतःचा जोडला. पाणी साडूंच्या शेतात धावू लागलं. तात्या उसाच्या वाफ्यात पाणी वळवत, दारं धरून उभा होता. त्याने पाण्याच्या कोरड्या दांडाकडे पाहिलं, उसाकडे पाहिलं, आणि फावडं फेकून धावतच आला.

"ए लंगड्या! हिर काय तुझ्या बापानं एकट्यानं खांदली व्हय रं? काढ तो पाइप!"

आपण काय बोललो ते तात्याच्या ध्यानात आलं. हात जोडायला म्हणून त्याने वर उचलले.

"खबरदार!" साडू गरजले. "हात जोडलास तर हाय तो पाय घालीन कमरंत! बाप काढतो व्हय रं माझा? तुझ्या बापानं तर नुसता बसून चहा पेला!"

तात्याचे हात क्षणभर तसेच राहिले. मग ते हळूहळू कमरेवर गेले. "माझा बाप चहा पेत नव्हता!" तो ओरडला, आणि पुढे जे सुरू झालं ते लिहिण्याजोगं नाही. लांबच्या शेतातला एक गडी भाकरी घेऊन बांधावर येऊन बसला. लाइट गेली, मोटर बंद पडली, तरी ते दोघं थांबेनात.

मेव्हणी जेवणाचा डबा घेऊन माझ्या बायकोबरोबर विहिरीकडे येत होती. ती वाटेतच थबकली. कान देऊन ऐकत राहिली. डबा तिने तिथेच ढेकळांत ठेवला, बहिणीचा हात घट्ट धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "आक्का, आलं की गं माझं माणूस घरला!"