बरी झालेली उंदरीण

प्रयोगशाळेतल्या पारदर्शक पिंजऱ्याच्या भिंतीला पुढचे दोन पाय टेकून ती पांढरी उंदरीण उभी होती, आणि माझ्याकडेच बघत होती. महिन्यापूर्वी मीच तिच्या अंगात यीस्टची बुरशी सोडली. ती आजारी पडली, हळूहळू सावरली. मग मी पुन्हा तीच बुरशी सोडली, पण या वेळी तिला काहीच झालं नाही. तिच्या रक्ताने जुना शत्रू ओळखला होता.

"सर, किती टवटवीत दिसतेय ही," सोबत काम करणारी सुजाता म्हणाली. "म्हणजे आज हीच ना?"

"हीच," मी म्हणालो.

आमच्याकडे जी वाचते, तिलाच कापून पाहावं लागतं, कारण ती कशी वाचली ते तिच्या आतच असतं. या बुरशीच्या योनिसंसर्गाने वारंवार बेजार होणाऱ्या बायकांना त्यातून कधीतरी लस मिळेल, असं मी स्वतःला रोज सांगतो. खोटं नाही ते. मी हातमोजा चढवला.

शरीर एवढं लक्षात ठेवतं, मग बुरशी सोडणारा हात कसा विसरतं? मी झाकण उचललं. पिंजऱ्यात तिच्यासोबत असलेले बाकीचे उंदीर कोपऱ्यात गोळा झाले. ती तेवढी पुढे आली, माझ्या तळहातावर चढली आणि निवांतपणे मिशा पुसू लागली.