बाबांचा घडीचा स्टोव्ह

आत्याबाईंना मी अजून माफ केलेलं नाही. त्यांना जाऊन कैक वर्षं झाली, त्यांच्या फोटोला हारही मीच घालते, तरी नाही. आणि त्यांच्याहून जास्त राग मला माझाच येतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे उगाच कुणी मला समजवायला येऊ नये.

बाबा जंगल खात्यात मोजणीदार होते. वर्षातले सात-आठ महिने मेळघाटात, तंबूत. आमचं घराणं भिक्षुकांचं, परक्याच्या हातचं खायचं नाही. म्हणून बाबांनी ऐन तारुण्यात एका परत निघालेल्या साहेबाकडून पितळेचा प्रवासी स्टोव्ह घेतला होता. तीन पाय दुमडायचे, बर्नर काढून टाकीशेजारी ठेवायचा, की सगळा संसार एका पत्र्याच्या डब्यात मावायचा. तीस वर्षं त्यांनी त्याच्यावर आपला वरणभात आणि चहा केला. पेन्शन लागली तसा डबा माळ्यावर गेला.

एकसष्ट साली बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. अमरावतीच्या घरात आम्ही तिघंच. बाबा, त्यांची थोरली विधवा बहीण आत्याबाई, आणि मी, मुलींच्या शाळेतली बिनलग्नाची मास्तरीण. आई मी लहान असतानाच गेली होती. बाबांनी खाणंपिणं जवळजवळ सोडलं. चहाचा कप ओठाला लावला की मान फिरवायचे. एक दिवस डाव्या हातानं माळ्याकडं बोट करून जड जिभेनं म्हणाले, "स्टो. त्याच्यावरचा चहा." डॉक्टरांनी आदल्याच दिवशी मला अंगणात बोलावून सांगितलं होतं की फार दिवस धरू नका. मी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, हा एक चहा बाबांना पाजायचाच.

डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. पंप अडकलेला, टाकीचा सांधा सुटलेला, बर्नरला चीर. बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं तो दुरूनच पाहिला. "बाई, याचे पार्ट तुमच्या बापाच्याच जमान्यात संपले. मोडीत घाला." माझ्या डोक्यात तिडीक गेली. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की अकोल्यात एक वकील आहेत, त्यांना जुने स्टोव्ह जमवायचं खूळ आहे. मी त्यांना कार्ड टाकलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं, "रविवारी या. स्टोव्ह पाण्यानं धुऊ नका."

वकिलांच्या पडवीत कायद्याच्या पुस्तकांपेक्षा स्टोव्ह जास्त. "लोक तिकिटं जमवतात, मी काजळी जमवतो," म्हणाले. "आमची मंडळी म्हणतात, त्यापेक्षा अशिलं जमवली असती तर बरं झालं असतं." पायजम्याला तेल लागतंय याचीही त्यांना शुद्ध नव्हती. त्यांनी पंप खोलला, वाकलेली दांडी काढून आपल्या एका स्टोव्हची घातली. टोकाचं वाळून आक्रसलेलं वॉशर चिमटीत धरून म्हणाले, "हे चामडं आहे बरं का. घरी सांगू नका." मी खो खो हसले. तीस वर्षं सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या बाबांच्या स्टोव्हच्या पोटात चामडं! गाडीत बसल्यावरही मला हसू येत होतं.

बर्नर मात्र त्यांच्याकडं नव्हता. "अख्ख्या वऱ्हाडात एकाच माणसाकडं आहे, आणि तो तुमच्याच गावात, इतवाऱ्यात. लग्नाच्या गॅसबत्त्या दुरुस्त करतो. मोठा कारागीर. मुसलमान आहे, पण आमची दहा वर्षांची पत्रापत्री आहे. अकोल्यात आला की इथंच बसतो, चहा घेतो." आणि त्यांनी खिडकीकडं हात केला. तिथं कान तुटलेला एक कप पालथा ठेवलेला होता, एकट्याचा. मी तो पाहिला. काय तोंडानं बोलणार? आमच्या घरी तर तो कपही नव्हता.

इतवाऱ्यातले ते कारागीर, सगळ्या गल्लीचे चाचा, साठीचे होते. दुकानात समोर लोकांच्या बत्त्या, आणि मागं वरच्या फळीवर त्यांचे स्वतःचे स्टोव्ह, न विकायचे. त्यांत बाबांच्या स्टोव्हचा सख्खा भाऊ होता, अगदी तसाच, चकचकीत. वकिलांची चिठ्ठी वाचून चाचा हसले.

"वकीलसाहेब सात वर्सांपासून मले हा बर्नर मांगून राह्यले. मी नाही देल्ला. तुले कावून पाह्यजे?"

मी सांगितलं. बाबांचं आजारपण, घरी मी आणि आत्याबाई दोघीच, माळ्याकडं केलेलं बोट, सगळं. चाचांनी स्टुलावर चढून फडक्यात बांधलेला बर्नर काढला. "शौकासाठी मांगतला असता तर नसता देल्ला. बापासाठी हाये तर घे."

चार दिवस शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसत होते. चाचांनी सुटलेला सांधा कथलानं झाळला, नवं चामडं कापून तेलात मुरवलं, दुमडणाऱ्या पायांचे खिळे बदलले. घरी पोचले की बाबा रोज विचारायचे, "आला?" मी म्हणायची, "उद्या." चौथ्या दिवशी चाचांनी स्टोव्ह पेटवला. आधी भकभक पिवळा, मग एकदम फुरफुरत निळा. आम्ही दोघं लहान पोरांसारखे टाळ्या पिटत होतो. मजुरी विचारली तर चाचा रागावले. "बाप चहा पेला का मंग येऊन सांगजो. बस." रॉकेल काढून, टाकी पुसून त्यांनी डबा माझ्या हाती दिला.

"आला बाबा," मी दारातूनच ओरडले. त्यांनी डाव्या हातानं पंप ओढून पाहिला आणि त्यांचा निम्मा चेहरा हसला. घरात रॉकेल नव्हतं, म्हणून चहा उद्यावर टाकला. मरो ते रॉकेल! शेजारी वाटीभर मागितलं असतं तर कुणी नाही म्हटलं नसतं.

आत्याबाईंनी विचारलं, "दुरुस्त कोणं केला?" मी मोठ्या कौतुकानं चाचांबद्दल सगळं सांगितलं. एरवी दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असणारी बाई गप्प बसली, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. दुपारी रॉकेलची बाटली घेऊन आले तर गल्लीतच जळका वास. स्वयंपाकघरात चूल फुललेली, आणि विस्तवात मधोमध बाबांचा स्टोव्ह. शेजारी पाटावर आत्याबाई चिमटा घेऊन शांत बसलेल्या.

"चिंचेनं घासला आन् अग्नीतून काढून राहिली," म्हणाल्या. "पितळ आहे, शुद्ध होते. असं दचकायला काय झालं? माझा भाऊ मरणाच्या दारात आहे, त्याच्या पोटात बाटलेलं कावून घालू?"

त्यांनी ते दुष्टपणानं केलं असतं तर मला भांडता आलं असतं. त्यांनी ते मायेनं केलं होतं. मी चिमटा हिसकावून स्टोव्ह बाहेर ओढला. कथील ओघळून राखेत पडलं होतं, सांधा उकलला होता, चाचांचा बर्नर निखळून आडवा झाला होता. पंपातून काळा धूर येत होता.

"हे काय जळून राहिलं गं?" त्यांनी नाकाला पदर लावला.

"चामडं," मी म्हणाले. "तीस वर्षं याच्या पोटात चामडंच होतं. त्याच्यावरच शिजवून जेवले तुमचे सोवळे भाऊ."

मला त्यांना दुखवायचं होतं, आणि त्या दुखावल्या. उठून विहिरीवर गेल्या आणि लुगड्यासकट डोक्यावर बादल्या ओतत राहिल्या. आतून बाबांचा आवाज आला. मी गेले तर ते छताकडं पाहत होते.

"वॉशर जळलं," म्हणाले. वासानंच ओळखलं होतं त्यांनी. मग थांबून थांबून, "मीच बदलायचो. दर पावसाळ्याआधी." ते रडत होते. मीही त्यांच्या उशाशी बसून रडले.

संध्याकाळी उकललेला स्टोव्ह पिशवीत घालून मी इतवाऱ्यात गेले. रस्त्यानं थाप जुळवून ठेवली होती, चुलीशेजारी होता, पडला. चाचांनी टाकी हातात घेतली, बुडाशी नख फिरवलं. चारही बाजूंनी सारखीच करपलेली होती.

"पडला नाही, बेटी. ठेवला हाये." मग माझ्याकडं न पाहता, "माह्या हातचा म्हनून?"

मी पिशवीचे बंद गुंडाळत राहिले. हो म्हणवेना, नाही म्हणवेना. ते चिडले असते तर फार बरं झालं असतं. ते स्टुलावर चढले, वरच्या फळीवरचा आपला स्टोव्ह काढला, सदऱ्यानं पुसला आणि माझ्यापुढं धरला. "हा चालू हाये. घेऊन जाय. अंगनातच पेटव, म्हंजे तुह्या आत्याले तरास नाही."

मी "नको चाचा" म्हणाले. लाजेपायी म्हणाले, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आले. ते खोटं आहे. बत्तीस वर्षांची कमावती बाई मी, पण घरी जाऊन आत्याबाईंशी भांडायची माझ्यात धमक नव्हती. रिकाम्या हातानं घरी आले. बाबांनी आधी माझ्या हातांकडं पाहिलं, मग विचारलं, "आला?"

"उद्या," मी म्हणाले.

नऊ संध्याकाळी त्यांनी विचारलं, नऊ संध्याकाळी मी तेच सांगितलं. दहाव्या दिवशी पहाटे बाबा गेले. कप त्यांनी शेवटपर्यंत तोंडाला लावू दिला नाही.

महिन्याभरानं बाजारात चाचा समोर आले. मी वाट बदलणार तोच त्यांनी हाक मारली. बाबा गेल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. हातातली बत्ती खाली ठेवून म्हणाले, "बेटी, बाप चहा पेला होता का? चुलीवरचा का होईना?"

"प्यायले," मी म्हणाले. "दोन कप."

"बरं झालं," चाचा म्हणाले, आणि बत्ती उचलून चालू लागले.