वाडीचं कार्ड

पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाच्या वाटेला लागलं की थोड्या अंतरावर एक बौद्धवाडी आहे. तिथल्या शर्मिलाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. आवाज असा खणखणीत, की एसटी थांबवायला त्यांना हात करावा लागत नाही, नुसतं "अहो!" म्हटलं की ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. कुणाच्या बापाला भ्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. आणि खरं सांगायचं तर वाडीला तो सोयीचाच.

वाडीत पगारदार माणसं पुष्कळ, पण क्रेडिट कार्ड एकट्या बाईंकडे. एकाच बँकेची दोन. एक घरखर्चाचं, दुसरं नावाला बाईंचं, चालायचं मात्र अख्ख्या वाडीसाठी. शेजारच्या कमळाबाईंचा फ्रिज त्यावर आला, भीमजयंतीचा साउंड त्यावर ठरला. वस्तू घरात आली की बँकेची तारीख उजाडायच्या आत ज्याचा त्याने हप्ता बाईंच्या ओट्यावर आणून द्यायचा. लग्न असो की मयत, हप्ता चुकला नाही. "आमच्यासारखी वाडी दाखवा एक तरी!" असं बाई शाळेत चहाच्या वेळी सांगायच्या, आणि बाकीचे मास्तर निमूट ऐकायचे, कारण मध्ये बोलायला फट मिळत नसे.

हाच अभिमान नडला.

एके दिवशी वाडीच्या कार्डावर पोर्तुगालमधल्या कुठल्याशा हॉटेलचं बिल पडलं. ओटीपी नाही, काही नाही, थेट बिलच. बाईंकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. त्यांनी लगेच बँकेला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवून झाल्यावर एका पोराने विचारलं, "मॅडम, हे कार्ड तुमच्याशिवाय आणखी कोणी वापरतं का?"

दुसरं कुणी असतं तर चटकन नाही म्हणालं असतं. बाई म्हणाल्या, "म्हणजे काय! अख्खी वाडी वापरते."

झालं! बँकेला तेवढंच हवं होतं. कार्ड दुसऱ्यांच्या हातात दिलंत, आता जबाबदारी तुमची. तुमच्याच माणसांत चौकशी करा. बाई महाडच्या शाखेत गेल्या, तिथे कळलं की कार्डाचं खातं वेगळं, इथून काही हलत नाही. पुन्हा फोन केला की पुन्हा नवा आवाज, आणि रामायण पहिल्यापासून.

बँक दाद देईना ती देईनाच, पण तिचा तो प्रश्न बाईंच्या डोक्यात शिरून बसला. कार्ड प्रत्यक्ष हातात दिलं होतं ते एकट्या सुहासला. सुहास त्यांचा चुलत दीर, पोलादपूर ते महाबळेश्वर वडापची जीप चालवणारा. महाडच्या हैदरभाईंच्या दुकानातून टायर आणायला त्यांनीच त्याला कार्ड दिलं होतं. एका संध्याकाळी तो अंगणात जीप धूत होता, आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "कार्ड तेव्हा आणखी कुणाच्या हातात दिलं होतंस का रे?"

सुहासने बादली खाली ठेवली. "वयनी, ह्यां बँक इचारते, का तू इचारतेस?"

उत्तराला न थांबता सुहास आत निघून गेला. त्यानंतर तो समोर आला की मान खाली घालून जायचा, आणि बाईंना रात्री जेवण गोड लागेना.

हरायचं मात्र त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार ठोकली. कागद मागितले ते दिले, नाही मागितले तेही दिले. शेवटी बिल रद्द झाल्याचा मेसेज आला. झालं गेलं माफ करा, असं त्यात कुठे नव्हतं.

आता ही कार्डं ठेवायची की बंद करायची? नवरा, भरत, म्हणाला, "बँकेवरचा राग वाडीवर कशाला काढतेस? बंद केलीस तर लोकांनी मागायचं कुणाकडे?" बोलणं खोटं नव्हतं. कमळाबाईंना वॉशिंग मशीन हवं होतं, सुहासच्या जीपचे मागचे टायर गुळगुळीत झाले होते. चार दिवस विचार करून बाईंनी मनाशी ठरवलं, गिळायचा अपमान आणि ठेवायची.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पोलादपूरच्या स्टँडवर सुहासचीच जीप उभी होती. मागची बाकं भरलेली. बाई त्याच्या शेजारी बसल्या. गाडी चढाला लागली आणि बँकेचा फोन आला. इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"मॅडम, वार्षिक फी माफ, लिमिट दुप्पट! दोन्ही कार्डं चालू ठेवताय ना?" पोरगी गोड बोलत होती.

"ठेवते. पण आधी सांगा, ते बिल चोरीचं होतं, आमच्या माणसांचा त्यात हात नव्हता, असं तुमच्याकडे लिहिलंय ना?"

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. "नाही मॅडम. इथे 'ग्राहकाने कार्ड इतरांना वापरण्यास दिले' असंच आहे. ते बदलता येत नाही. सद्भावना म्हणून पैसे परत केलेत."

"सद्भावना?" बाईंचा आवाज चढला. "बंद करा. दोन्ही!"

"मॅडम, कारण काय लिहू?"

"लिहा, तुमचं ऐकून मी माझ्या दिराला चोरासारखा प्रश्न विचारला. त्याने काही केलं नव्हतं. चुकले मी. पुन्हा तसं चुकायचं नाही, म्हणून बंद. लिहिलंत?"

त्यांनी फोन कापला. सुहासने गिअर बदलला, समोर बघत राहिला. मग म्हणाला, "टायर घेईपरतूर तरी थांबायचंस गो वयनी."

"हैदरभाई देतील. परवा मी सहज विचारून आले, कार्ड नसलं तर हप्त्याने द्याल का म्हणून."

"अन् ते काय म्हनले?"

"म्हणाले, माणूस कोण? मी म्हटलं, सुहास. तर म्हणाले, मग मला का विचारताय, पाठवून द्या त्याला."

"तुझ्या भरवशावर देत असतील."

"माझं नावसुद्धा निघालं नाही रे. तुझ्याच भरवशावर."

पुढच्या वळणावर समोर चिटपाखरू नसताना सुहासने लांबलचक हॉर्न वाजवला. बाईंना एकदम रडू फुटलं, आणि डोळे पुसता पुसता त्या त्याच्यावरच खेकसल्या, "माझ्याकडे काय बघतोस? समोर बघून चालव!"