कमरेएवढ्या पाण्यात सूर

बालाजी पाण्यातून उठून उभा राहिला तेव्हा तो हसत होता. मान मात्र डावीकडे वळलेली होती आणि सरळ होत नव्हती. उजवा हात त्याने डाव्या हाताने कोपराशी उचलून धरला होता.

परभणीत मी वीसेक वर्षं फिजिओथेरपीचा दवाखाना चालवतो. हाडं, सांधे आणि मणके यांच्या दुखण्यावर व्यायाम आणि उपचार देणं हे माझं काम. लोक त्याला मालिश म्हणतात. माझे मित्र मुद्दाम म्हणतात. तर माणूस असा हात सावरून उभा राहिला की मी आधी त्याच्या मानेकडे बघतो, कारण हाताच्या नसा मानेतून निघतात.

“बालाजी, हलू नको. तिथंच थांब,” मी म्हणालो.

“कायी न्हाई रे. जरा लचकलीय,” तो म्हणाला आणि चालत वाळूवर आला.

आम्ही तिघं कॉलेजपासूनचे मित्र. बालाजीचा मानवतला कापसाचा व्यापार. प्रल्हाद गंगाखेडला हायस्कूलवर मास्तर. पन्नाशी आली तरी तिघांनी मिळून समुद्र पाहिला नव्हता, म्हणून कोकणात गेलो. तिथं प्रल्हादने सर्फिंगचा क्लास ठरवला.

सर्फिंग म्हणजे लांब फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत येणं. शिकताना फळीवर पालथं झोपायचं. मागून लाट आली की हातांवर रेटा देऊन एका दमात उभं राहायचं. ही फळी, म्हणजे बोर्ड, वाहून जाऊ नये म्हणून तिची दोरी घोट्याला बांधतात. हे सगळं कमरेएवढ्या पाण्यात चालतं. कमरेएवढं म्हणजे तीन फूट. हा आकडा लक्षात ठेवा.

शिकवणारा माणूस त्या क्लासचा मालकही होता. तिशीतला, बोलायला गोड. वाळूवर त्याने आमच्याकडून उठण्याचा सराव करून घेतला. पाय कुठं ठेवायचा, नजर कुठं ठेवायची, हे सांगितलं. पडायचं कसं, यावर एक शब्द नाही. शेवटी विचारलं, पोहता येतं का? प्रल्हादला आणि मला येत नाही, तसं आम्ही सांगितलं. बालाजी म्हणाला, “मानवत तालुक्यात माझ्यासारखा सूर मारणारा दावा मला.”

“मस्त, काका. मग तुम्हाला टेन्शनच नाही,” मालक म्हणाला.

आज हे लिहितानाही माझं डोकं तापतं. त्या माणसाला धोक्याचा इशारा बालाजीने स्वतःच्या तोंडाने दिला होता, आणि त्याने उलट बालाजीची पाठ थोपटली.

बालाजी पोहायला शिकला तो शेतातल्या विहिरीत. आमच्याकडे बहुतेक जण तसेच शिकतात. विहिरीत पंचवीस-तीस फूट पाणी असतं. तिथं आडवं पडलं तर पोट लाल होतं. म्हणून तोल गेला की हात पुढे घ्यायचे, डोकं खाली घालायचं आणि सूर मारायचा, हे अंगात मुरतं. विचार करावा लागत नाही. बालाजी तिसऱ्या लाटेला बोर्डवर उभा राहिला, त्याचा पाय सरकला आणि त्याने झकास सूर मारला. तीन फूट पाण्यात. हात वाळूत घसरले आणि डोकं तळाला लागलं.

प्रल्हाद आणि मी तोवर सात-आठ वेळा पडलो होतो. घाबरून, ढुंगणावर. आम्हाला काहीही झालं नव्हतं.

वाळूवर मी बालाजीला खाली बसवलं. पायाची बोटं हलवायला सांगितली, ती हलली. माझं बोट दाबायला सांगितलं. डावी पकड घट्ट होती, उजवी ढिली. अंगठ्यात आणि त्याच्या शेजारच्या बोटात मुंग्या येत होत्या. मार लागल्यावर मान दुखत असेल आणि हातात मुंग्या असतील, तर मणका मोडलाय असंच धरून चालायचं. तो मोडलेला नाही हे एक्स-रे किंवा सीटी स्कॅन सांगेल. आपण सांगायचं नाही.

एवढ्यात प्रल्हाद त्याच्या मागे जाऊन बसला आणि एक हात हनुवटीला, एक डोक्याला लावला.

“काय करायलास?” मी विचारलं.

“एक झटका दिला की बसती. आमचा सलूनवाला रोज दहा जणांच्या माना मोडतो. कोण मेलंय?”

“मोड रे, लय आवघडलंय,” बालाजी डोळे मिटून म्हणाला. वर मला म्हणाला, “न्हाई तर तू मोड. जन्मभर मालिशच तर केलीस.”

मी प्रल्हादची मनगटं धरली. “हात काढ. झटका दिलास तर हा मानेखाली लुळा पडेल. मग जेवायलासुद्धा दुसऱ्याने घालायचं. घालशील तू?”

त्याने हात काढले. मी त्याला तसाच मागे बसवला, बालाजीला दोघांनी धरून हळूच आडवं केलं आणि प्रल्हादला सांगितलं, आता हे डोकं दोन्ही हातांत धर. आहे तसं, वाकडंच. सरळ करू नको. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तुझा हात हलला नाही पाहिजे. मास्तर रडत होता, पण हात हलला नाही.

मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. आता सपाट आणि कडक फळी हवी होती. ती शेजारीच पडली होती. मी बोर्ड ओढला तर मालक धावत आला.

“काका, तो बोर्ड नाही देता येणार. पुढची बॅच उभी आहे. ते चालत आलेत ना? रिक्षा बोलावतो.”

“मणका मोडलेली माणसं चालतात,” मी म्हणालो. “त्यातली काही रिक्षात बसतात आणि पुन्हा चालत नाहीत. बोर्ड मी नेतोय. पोलिसांना बोलवायचं असेल तर बोलवा, मलाही त्यांच्याशी बोलायचंय.”

तो बाजूला झाला. पुढच्या बॅचमधल्या चौघांनी न सांगता हात लावला. आम्ही बालाजीला बोर्डवर घेतलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या आणि त्याच बोर्डावर ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं. सीटी स्कॅनमध्ये मानेचा पाचवा मणका तडकलेला निघाला. सुदैवाने तुकडा सरकला नव्हता. मज्जारज्जू, म्हणजे मणक्यांच्या आतून जाणारी नसांची मुख्य दोरी, शाबूत होती. तिथल्या सर्जनने स्कॅन बघून एकच विचारलं, मान कुणी ओढली तर नाही ना? प्रल्हाद भिंतीकडे बघत होता.

बालाजी तीन महिने कडक कॉलरमध्ये होता. नंतरचे व्यायाम माझ्याकडे केले, रोज कुरकुर करत. अंगठ्याची जाणीव हळूहळू आली. कापसाचा धागा चिमटीत ओढून तो त्याची लांबी सांगतो, त्यावर त्याचा धंदा चालतो. आता पुन्हा उजव्या हाताने ओढतो. मान डावीकडे पूर्ण वळते, उजवीकडे थोडी कमी. यापेक्षा जास्त मिळणार नाही, हे मी त्याला सांगितलंय.

मध्यंतरी मी त्या मालकाला फोन केला. पडायचं कसं ते आता शिकवता का, विचारलं. पाठीवर किंवा कुशीवर पसरून पडायचं, डोक्याभोवती हात घ्यायचे आणि डोकं कधीच पुढे घालायचं नाही, हे या धंद्यातल्या इतरांकडून मला तोवर कळलं होतं. त्यांच्याकडे पहिला धडा तोच असतो.

तो म्हणाला, “काका, आम्ही प्रत्येकाला विचारतो पोहता येतं का. त्या काकांनी तर हो सांगितलं होतं. ज्यांना येत नव्हतं त्यांना काही झालं का?”

नाही झालं. त्याच्या तोंडून खरं निघालं होतं, पण ते त्याला कळलं नव्हतं. मी पुन्हा समजावून सांगितलं. त्याने ‘ओके काका’ म्हणून फोन ठेवला.

हल्ली आमच्याकडचं कुणी समुद्रावर निघालं की मी विचारतो, पोहायला कुठं शिकलात? विहिरीत म्हणाले, तर त्यांना खुर्चीत बसवून ठेवतो आणि आधी पडायला शिकवतो. फी घेत नाही. मान मोडल्यानंतरची घेतो.