सुदाममामाचं ताट

सुदामला त्याच्या पाड्यावर सुदाम म्हणत, आणि शाळेत मामा. रानशेतच्या बाजूला एका आश्रमशाळेत तो स्वयंपाकी होता. पहाटे पोहे किंवा उपमा, दुपारी वरण-भात-भाजी, संध्याकाळी चपात्या आणि पुन्हा वरण-भात-भाजी, असा अठरा वर्षांचा त्याचा रतीब. तीनशेच्या वर पोरं-पोरी. भाताच्या पातेल्यात उलथनं फिरवून फिरवून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जाड झाला होता.

पण त्याला खाण्याची हौस नव्हती. दिवसभर शिजवणाऱ्याचं पोट वासानंच भरतं. फोडणीच्या वासानं त्याला संध्याकाळी मळमळायचं. पोरांची शेवटची पंगत उठली, पातेली घासायला पडली, की तो तोंडावर पाणी मारायचा आणि सायकल काढून साडेसातपर्यंत घरी पोचायचा. घरी रूपी, त्याची बायको, चुलीपाशी थांबलेली असायची. नागलीची भाकरी, सुकटीची चटणी, एखादा कांदा. तेवढं मात्र त्याला जायचं. दोघं समोरासमोर बसून जेवत. फार बोलत असं नाही. शेतात खेकड्यांनी बांध फोडला, शेजारच्या शेळीनं मिरच्या खाल्ल्या, असलं काहीतरी रूपी सांगायची आणि तो हूं हूं करायचा.

दोन वर्षांमागे भाताची कापणी चालू असताना रूपीला ताप आला. तालुक्याला नेली, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात नेली. अकराव्या दिवशी ती गेली. लग्न करून उधव्याला दिलेली लेक दक्षा महिनाभर राहिली, बापाला करून घालत राहिली, मग तिलाही तिचा संसार होता. ती गेली आणि सुदाम पुन्हा कामावर रुजू झाला.

आता घरी चूल पेटत नव्हती, तेव्हा शाळेतच जेवून निघायचं, एवढंच पहिल्यांदा त्यानं ठरवलं होतं. त्यात वावगं काही नव्हतं. पण जेवायला बसायचं, ताट घ्यायचं, हे कुठे होतं? पातेल्यात तळाला उरलेला भात उलथन्यानं तोंडात. एक घास, मग दुसरा. चपातीची गुंडाळी करून हातात, भांडी आवरता आवरता. भाजी वाटीत नाही, डावातच. संध्याकाळची वेळ सरकत जायची तसा त्याचा हात पातेल्यात जास्त जायचा. पोट केव्हाच भरलेलं असायचं. छातीपर्यंत दाटल्यावरच तो सायकलीला हात लावायचा. असं तुडुंब होऊन घरी गेलं की अंथरुणावर पडल्या पडल्या शुद्ध जायची. घराकडे बघावं लागत नव्हतं.

मग नाक्यावरून गाठियाचं पाकीट यायला लागलं. दुपारच्या सुट्टीत ते संपायचं. मग खारी, मग बेसनाचे लाडू. सहा महिन्यांत शर्टाची बटणं लागेनाशी झाली. गुडघे बोलायला लागले, सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. तो टमटमनं यायला-जायला लागला.

एका लग्नात पाड्यावरचा म्हातारा झिपरू त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "सुदाम, तुला मानवलं बरं का! कसा भरलास!"

म्हाताऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यानं सगळी उमर लोकांना बारीक होताना बघितलं होतं. पावसाळ्यात कणगी तळाला लागली की रानातले कंद उकडून पोरांना घालायचे दिवस त्यानं काढले होते. अंगावर मांस चढणं म्हणजे बरं चाललं आहे, हा त्याचा साधा हिशेब. पण सुदामच्या काळजात ते रुतलं. रूपी गेली आणि मला मानवलं. तो लग्नातून जेवण अर्धं टाकून उठला, आणि घरी जाऊन लाडवांचा अख्खा डबा संपवला.

त्या पावसाळ्यात शाळेत पोरांची तपासणी करायला आरोग्य पथक आलं. पथकातली नर्स निलम सिस्टर चहा प्यायला स्वयंपाकघरात आली, तेव्हा तिचं लक्ष सुदामच्या पायाकडे गेलं. अंगठ्याजवळची जखम दीड महिना भरत नव्हती.

"मामा, बोट द्या," ती म्हणाली.

"मला काय झालंय?"

"द्या तर."

तिनं यंत्रावरचा आकडा दोनदा बघितला. मग तिनं त्याला सरळ सांगितलं की साखर खूप वाढली आहे, उद्या उपकेंद्रात या, गोळ्या चालू करायला लागतील, आणि खाणं सांभाळायला लागेल.

"दिवसाला किती खाता तुम्ही?" तिनं विचारलं.

सुदामनं विचार केला. त्याला खरंच सांगता येईना. तीनशे पोरांना किती तांदूळ लागतो हे तो झोपेत सांगू शकत होता. स्वतःनं काल काय खाल्लं ते मात्र त्याला आठवत नव्हतं.

गोळ्या चालू झाल्या. आणि सुदामनं माणसं करतात तेच केलं. एकदम सगळं तोडलं. सकाळी कोरा चहा, दुपारी अर्धी चपाती, बास. आपलं तोंडच वाईट आहे, त्याला कोंडून घालायचं, असा त्यानं निश्चय केला. पहिले दोन दिवस त्याला स्वतःचा अभिमान वाटला. तिसऱ्या दिवशी त्यानं पोरांवर कारण नसताना आवाज चढवला. पाचव्या दिवशी फोडणी देताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि तो तेलाच्या डब्यावर बसला.

सहाव्या दिवशी बुधवार होता. बुधवारी पोरांना उकडलेली अंडी मिळत. संध्याकाळच्या पंगतीसाठी अंडी सोलून टोपात झाकून ठेवली होती. मदतीला असलेली बायजी मावशी पोरांना रांगेत उभं करायला बाहेर गेली होती. सुदाम झाकण काढून उभा राहिला. एक खाल्लं. मग पुढचं चावायच्या आतच तिसऱ्याला हात गेला. मीठ नाही, पाणी नाही. सहा अंडी कशी गेली ते त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा घशात कोरडं पिवळं अडकलं होतं आणि तो भिंतीला धरून खोकत होता.

रांग शेवटाला आली आणि टोप रिकामा झाला. सहा पोरी उरल्या. सगळ्यात पुढे हिरी, दुसरीतली, ताट दोन्ही हातांनी पुढे धरून. तिनं टोपात बघितलं, मग मामाकडे बघितलं. आश्रमशाळेत वाढलेल्या पोरी मागत नाहीत. ती वरण-भात घेऊन जाऊन बसली.

बायजी मावशी साठीला आलेली बाई. तिनं टोपात बघितलं, सुदामच्या मिशीत अडकलेल्या पिवळ्या कणाकडे बघितलं, आणि पोरींना म्हणाली, "फुटली गं सहा. उद्या देते तुम्हाला."

दोघं भांडी घासायला बसले. मग बायजीनं विचारलं, "भूक लागली होती?"

"नाय," सुदाम म्हणाला. "आज तरी थोडी होती. पण तशी नाय."

"मग काय झालं?"

सुदामनं हातातली काथ्याची घासणी खाली ठेवली. "घरी जायची वेळ होत आली होती, मावशी."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. हे त्यानं कुणालाच, अगदी स्वतःलाही, सांगितलेलं नव्हतं. बायजीनं मान हलवली. तिचा नवरा तिच्या ऐन तारुण्यात गेलेला. तिनं काही शहाणपण सांगितलं नाही. "मी तंबाखू खायची तेव्हा," एवढंच ती म्हणाली. "दात गेले त्यात माझे." आणि पुन्हा पातेलं घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी सुदामनं नाक्यावरून स्वतःच्या पैशानं अंडी आणली आणि त्या सहा जणींना दिली. हिरीनं अंडं घेतलं आणि लगेच पाठ फिरवून खाल्लं, कुणी परत मागेल म्हणून. ती पाठमोरी पोर बघून सुदामला फार शरमल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात तो उपकेंद्रात गेला आणि निलम सिस्टरला सगळं सांगितलं, अंड्यांसकट. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. तिनं खुर्ची पुढे ओढली.

"उपाशी राहायला मी कधी सांगितलं? गोळी घेऊन उपाशी राहिलात तर चक्कर येणारच. आणि दिवसभर तोंड बांधलेला माणूस संध्याकाळी तुटूनच पडतो. तीन वेळा खा. पण ताटात घ्या, आणि बसून खा. भात थोडा कमी, डाळ-भाजी जास्त. हळूहळू चालायला लागा. आणि मामा, घरी बोलायला कुणी आहे का?"

"लेक फोन करते रोज."

"तिला काय सांगता?"

दक्षा रोज एकच विचारायची, "जेवलास का बाबा?" आणि तो रोज सांगायचा, "जेवलो, भरपूर." ते ऐकून लेकीचा जीव भांड्यात पडायचा आणि फोन संपायचा. बाप जेवला म्हणजे बाप बरा आहे. तो खोटं बोलत नव्हता, हीच तर गंमत होती.

त्या दिवशी फोन आला तेव्हा तो म्हणाला, "जेवलो. पण बरं नाय वाटत."

"काय होतं? ताप आहे का?"

"ताप नाय. तुझ्या आईची आठवण येते. घरात जावंसं वाटत नाय."

पलीकडे दक्षा रडायला लागली, आणि म्हणाली की मला पण, बाबा, पण तू इतका बरा दिसायचास, मला वाटलं तुझं सावरलं. बाप-लेक रूपीबद्दल त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. दहा महिन्यांनी.

शाळेत आता बायजी पोरांची पंगत उठली की दोन ताटं वाढायची. "मी एकटी नाय जेवत आजपासून," तिनं परस्पर ठरवून टाकलं. सुदामला पहिल्यांदा विचित्र वाटलं. हजारो ताटं वाढलेला माणूस, पण आपल्यापुढे ताट बघून त्याला परक्या घरी पंगतीला बसल्यासारखं झालं. घास चावायला लागायचा. चव कळायची. एके दिवशी तो वैतागून म्हणाला, "मावशी, ही डाळ इतकी खारट असते?" बायजी म्हणाली, "अठरा वर्षं पोरं तेच सांगतात."

घरची चूल पेटवायला मात्र त्याला आणखी दोन महिने लागले. एका रविवारी त्यानं राख काढली, पोतेरं फिरवलं, आणि नागलीचं पीठ मळायला घेतलं. तीनशे जणांचा स्वयंपाक करणाऱ्याला भाकरी थापता येत नव्हती. शाळेत चपात्या, भाकरी घरची, आणि घरची म्हणजे रूपीची. पहिली तव्यावर जातानाच मोडली. दुसरी करपली. तिसरी कशीबशी झाली. ती ताटात घेऊन तो बसला, समोरच्या रिकाम्या जागेकडे बघवेना म्हणून दाराकडे तोंड करून बसला. दोन घास खाल्ले आणि रडू फुटलं. रडून झाल्यावर त्याला भूक उरली नाही. अर्धी भाकरी त्यानं बाजूला ठेवली. रूपी गेल्यापासून भूक सरली म्हणून त्यानं ताटात काही उरवलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

पण एका दिवसानं माणूस बदलतो असं नाही. रूपीच्या वर्षश्राद्धाला त्यानं पुन्हा गाठियाची दोन पाकिटं संपवली. दक्षाचं तीन महिन्यांचं पोटातलं गेलं तेव्हा आठवडाभर त्याचा हात पातेल्यातच होता. असं झालं की तो पूर्वीसारखा दुसऱ्या दिवशी उपाशी राहायचा नाही, एवढाच फरक. दुसऱ्या दिवशी ताट घ्यायचा आणि बसायचा. कंटाळा यायचा. रोज उठून स्वतःवर लक्ष ठेवायचं, हे तीनशे जणांच्या स्वयंपाकापेक्षा दमवणारं काम होतं. कधीकधी त्याला वाटायचं, सोडून द्यावं, आपल्याला कोण बघायला बसलंय. पायाची जखम भरली. साखर उतरली, पण पार खाली काही गेली नाही. सायकलीत हवा भरून घेतली, ती चढावर हातात धरून चालवायला लागायची.

मे महिन्यात बायजी मावशी साठी भरली म्हणून कामावरून सुटली. शाळेनं नारळ दिला, पोरांनी फुलं दिली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिच्या जागी आलेली बाई संध्याकाळी लवकर निघून जायची. पहिल्या दिवशी पंगत उठल्यावर स्वयंपाकघरात सुदाम एकटा राहिला. पातेल्यात भात उरला होता. त्यानं उभ्या उभ्या चार घास खाल्ले, मग पाचवा घेतला, मग उलथनं पातेल्यावर आडवं ठेवून तसाच थांबला.

मग त्यानं ताट काढलं, वाढून घेतलं, आणि बाहेर आला. फाटकापाशी शाळेचा राखणदार बाबल्या डबा उघडून जेवत होता. इतकी वर्षं एका शाळेत, पण दोघांची ओळख रामरामापुरती.

"बसू का?" सुदामनं विचारलं.

"बस की," बाबल्या म्हणाला, आणि डबा थोडा बाजूला सरकवला.

सुदाम त्याच्याशेजारी ताट घेऊन बसला. दोघंही दमलेले होते. थोड्या वेळानं बाबल्यानं आपल्या डब्यातली आंबाडीची भाजी पुढे केली. सुदामनं चमचाभर घेतली.