हॅपी-गो-लकी लोटन

लोटनचं लग्न झाल्यावर काय होईल, ही काळजी काही केल्या मनातून जात नाही. त्याला स्वतःला ती नाही. त्याला कसलीच नसते.

लोटन माझा थोरला, वय तेवीस. गेल्या वर्षी जळगावला परीक्षेसाठी निघाला आणि नंदुरबार स्टेशनात जी गाडी आधी आली तिच्यात बसला. ती सुरतेची होती. तिसऱ्या दिवशी कार्ड आलं: 'इथे घारी उत्तम मिळते. प्रकृतीस जपावे.' यंदा त्याच्या वडिलांनी, आमच्या डॉक्टरसाहेबांनी, त्याला सारंगखेड्याच्या जत्रेतून टांग्यासाठी घोडा आणायला सांगितलं. त्याने आणला, पण वरातीत नाचणारा. टांग्याला जुंपला की तो जागच्या जागी ठेका धरतो. त्यामुळे डॉक्टरसाहेब आता रोग्यांकडे पायी जातात आणि त्यांचं पोट कमी झालं आहे. याचं श्रेयही लोटन घेतो.

त्याच्या प्रोफेसरांनी दाखल्यात त्याला 'हॅपी-गो-लकी' म्हटलं आहे. आपण ज्याला उनाड म्हणतो, त्याला इंग्रजीत इतका गोड शब्द आहे. ज्यांच्या घरी चार नोकर राबतात, त्यांनाच तो परवडत असावा.

रविवारी मुलगी पाहायला म्हसावदला गेलो, तेव्हा लोटनने तो दाखला खिशातून काढून ऐटीत वाचून दाखवला. मुलीचे वडील दोधू पाटील माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही कॉलेज शिकेल शेतस. याना अर्थ काय शे?"

बी.ए.ला इंग्रजी घेतलेली मी म्हणाले, "सदा आनंदी, आणि नशिबाचा धनी."

पाटील खूश झाले. मुलीच्या आत्याने, कौसाबाईंनी, लगेच साखर वाटली. कप उचलता उचलता फुलवंताने, म्हणजे मुलीने, हळूच विचारलं, "मंग घर कोन चालाडस?"

सगळे हसले. लोटन सगळ्यांत मोठ्याने हसला. ती मात्र माझ्याकडे पाहत उत्तराची वाट बघत होती, आणि मी बशीतली सुपारी निवडत बसले.

साखरपुडा गुरुवारी आहे. डॉक्टरसाहेब म्हणतात, लग्न झालं की सुधारेल. म्हणजे आम्हा दोघा शिकलेल्यांना तेवीस वर्षांत जमलं नाही, ते सतरा वर्षांच्या पोरीने येत्या वैशाखापर्यंत करून दाखवायचं.

पाटलांच्या शहाद्याच्या जिनिंगमध्ये टेलिफोन आहे. उद्या पोस्ट उघडलं की कॉल लावणार आहे. त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ मी अर्धाच सांगितला, असं पाटलांना सांगेन. मुलगा मनाने वाईट नाही, पण घर फुलवंतालाच चालवावं लागेल. हे आधी तिच्या कानावर घाला आणि मग तिला विचारा.